अळवावरचं पाणी ठरत का नाही: घरच्या प्रयोगाच्या नोंदी

५ जुलै, शनिवार

सुरुवात मराठीच्या वहीतून झाली. भाचीला वाक्प्रचारांचे अर्थ लिहायचे होते. 'अळवावरचं पाणी' याच्यापुढे 'क्षणभंगुर' असं लिहून ती थांबली. "मावशी, अळवावरचंच का? आंब्याच्या पानावरचं का नाही?"

मी हातातलं काम न सोडता सांगून टाकलं, "अळवाचं पान गुळगुळीत असतं ना, म्हणून पाणी घसरतं."

ती गेली, कुंडीतलं एक पान खुडून आणलं, शेजारी स्टीलचं ताट ठेवलं आणि दोन्हीवर पाणी शिंपडलं. ताटावर थेंब पसरून बसले. ताट कलतं केलं तरी पाण्याचे ओघळ मागे राहिले. पानावर मात्र थेंबांचे मोती झाले आणि पान जरा हलताच टपाटप खाली पडले. पान कोरडं ठणठणीत. "ताट जास्त गुळगुळीत आहे," एवढंच ती म्हणाली.

मुद्दा बिनतोड होता. तेव्हा ठरलं, की तोंडाने बोलायचं नाही, मोजायचं. प्रश्न एकच: पाणी कुठल्या पृष्ठभागावर थांबतं, कुठे थांबत नाही, आणि का.

६ जुलै, रविवार

साहित्य जमवलं: औषधाच्या बाटलीचा ड्रॉपर, काचपट्ट्या, मेणबत्ती, बारीक पॉलिश पेपर, परीक्षेला नेतात ते पॅड, फूटपट्टी, मोबाईल आणि त्याला चिमट्याने लागणारं भिंग.

आधी थेंब मोजला. ५ मिली पाण्यात ड्रॉपरचे १०४ थेंब बसले, म्हणजे एक थेंब साधारण ४८ मायक्रोलिटरचा. हे काम भाचीने केलं. ६७ वर असताना दाराची घंटी वाजली आणि पुन्हा एकपासून मोजावं लागलं.

८ जुलै, मंगळवार

फोटोची मांडणी. काचपट्टी पुस्तकांच्या थप्पीवर, मागे ट्रेसिंग पेपर, त्यामागे टॉर्च, पुढे मोबाईल अगदी काचपट्टीच्या पातळीत. असं केलं की थेंबाची काळी सावली स्वच्छ दिसते आणि कड धूसर होत नाही. मोबाईल जरा वर गेला तरी थेंबाचा तळ दिसेनासा होतो, आणि तळच तर हवा आहे.

आपल्याला हवा तो स्पर्शकोन. थेंबाची कड पृष्ठभागाला जिथे टेकते तिथे पाण्याच्या आतल्या बाजूने मोजलेला कोन. पाणी पसरलं तर कोन लहान. ९० अंशांच्या वर गेला तर पृष्ठभागाला पाणी नकोसं आहे असं धरतात. १५० च्या वर गेला आणि थेंब जरा कलताच पळाला, तर तो पृष्ठभाग जलद्वेष्ट्यांमधला अट्टल. हा कोन घन, पाणी आणि हवा या तिघांमधल्या ओढाताणीतून ठरतो, हे थॉमस यंग यांनी १८०५ मध्ये मांडलं.

कोनमापक पडद्यावर धरून पाहिलं. हात थरथरतो, कोन दर वेळी वेगळा येतो. त्यापेक्षा सोपी युक्ती आहे: थेंबाची उंची भागिले तळाची निम्मी रुंदी, त्याचा टॅन इन्व्हर्स घ्यायचा आणि दुप्पट करायचा. मिलीमीटर कळायचीही गरज नाही. फोटो मोठा करून पडद्यावर फूटपट्टीने मोजलं तरी चालतं, कारण गुणोत्तरच लागतं.

पण हे गणित थेंब गोलाचा तुकडा आहे असं धरून चालतं, आणि आमचा ड्रॉपरचा थेंब वरून चपटा दिसतोय. ४८ मायक्रोलिटरचा गोळा केला तर व्यास साडेचार मिलीमीटर येतो. पाण्याच्या बाबतीत पृष्ठताण (थेंबाला आवळून गोल ठेवणारी पृष्ठभागाची ओढ) आणि गुरुत्वाकर्षण यांची बरोबरी २.७ मिलीमीटरच्या आसपास होते. त्याहून मोठा थेंब स्वतःच्या वजनाने बसका होतोच. लहान थेंब पाहिजे.

९ जुलै, बुधवार

इन्सुलिनची नवी सिरिंज. तिच्या केसासारख्या सुईतून थेंब फार बारीक सुटतात: पाव मिलीत ५० च्या आसपास, म्हणजे एकेक थेंब ५ मायक्रोलिटरचा. सुई फक्त मी धरायची, हा नियम. (भाचीला तो पटलेला नाही.)

काचेवर पहिलं मोजमाप: ३३ अंश. दुसऱ्या पट्टीवर: ५८. तिसऱ्या पट्टीवर ३६, पण त्याच पट्टीच्या टोकाला ६१. एकाच पाकिटातल्या काचा, एकाच बाटलीतलं पाणी. अर्धा तास गणितात चूक शोधली. चूक बोटांत होती. पट्टी उचलताना जिथे धरली तिथे बोटांचा तेलकटपणा लागला होता, आणि डोळ्यांना न दिसणारा तो थर कोन जवळजवळ दुप्पट करत होता. साबणाने धुऊन, भरपूर पाण्याने खळबळून, कडेला चिमट्यात धरून वाळवल्यावर सगळ्या पट्ट्या ३० ते ३५ मध्ये आल्या.

इथे आग्नेस पॉकेल्स यांची आठवण येणं साहजिक आहे. जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगमध्ये घर सांभाळणाऱ्या या बाईंनी स्वयंपाकघरात, उथळ तबकातल्या पाण्यावर तेलकटपणाचा काय परिणाम होतो ते वर्षानुवर्षं मोजलं. विद्यापीठाची पायरी चढायला मिळाली नव्हती. १८९१ मध्ये त्यांनी इंग्रज भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांना पत्राने सगळं कळवलं, आणि रॅले यांनी ते पत्र त्याच वर्षी 'नेचर' या विज्ञान-नियतकालिकात छापवून आणलं. भांडी घासणाऱ्या माणसाला पृष्ठताण प्रयोगशाळेतल्या माणसाच्या आधी दिसला, याचं मला आज अजिबात नवल वाटत नाही. तुपकट पातेल्यावर पाणी कसं गोळ्या-गोळ्यांनी उभं राहतं हे मीही रोज बघते. वहीत लिहून ठेवावं असं सुचलं नाही इतकंच.

आजपासून पट्टी बोटाने धरायची नाही.

१२ जुलै, शनिवार

मेण. काचपट्टी इस्त्रीच्या गरम तळाशी धरून तापवली, तिच्यावर मेणबत्तीचा तुकडा फिरवला. मेण वितळून सपाट पसरलं आणि निवल्यावर छान तुकतुकीत थर झाला. कोन १०३. थेंब अर्ध्या गोळ्याहून थोडा जास्त फुगलेला. म्हणजे मेणाला पाणी नको आहे, हे खरं.

पण अळवाची मजा नाही. थेंब मोत्यासारखा होत नाही आणि जागचा हलत नाही.

मग दुसऱ्या मेणाच्या पट्टीवर पॉलिश पेपर हलक्या हाताने फिरवला. माझ्या मते आता ती बिघडणार होती. कोन आला ११८. खरखरीत केल्यावर थेंब अधिक गोल! भाचीने माझ्याकडे नुसतं पाहिलं. 'गुळगुळीत असतं ना' हे वाक्य अजून वहीच्या पहिल्या पानावर आहे.

घसरणं मोजायला घसरगुंडी केली. पॅडचं एक टोक टेबलाला चिकटपट्टीने जोडलं, तिथून ३० सेंमीवर खूण केली. दुसरं टोक हळूहळू उचलायचं, आणि थेंब निसटला त्या क्षणी खूण टेबलापासून किती उंच आहे ते मोजायचं. उंचीला ३० ने भागलं की साइन मिळतो. यासाठी ड्रॉपरचाच मोठा थेंब घेतला, कारण बारीक थेंब मेणावरून ढिम्म हलत नाही. त्याला खाली ओढायला वजनच नाही.

सपाट मेण: ११ सेंमीला निसटला, म्हणजे साधारण साडेएकवीस अंश. खरखरीत मेण: २७ सेंमीपर्यंत चिकटून. ६४ अंश! एवढ्या चढावर थेंब लोंबत होता, पोट पुढे, शेपूट मागे.

मी ही गोष्ट दोनदा तपासली, कारण ती विचित्र वाटते. जास्त गोल थेंब कमी घसरतो. आम्ही आठवडाभर गोलपणाच्या मागे होतो आणि घसरणं ही निराळीच गोष्ट निघाली.

लोंबणाऱ्या थेंबाचा बाजूने काढलेला फोटो बघितल्यावर थोडा उजेड पडला. थेंबाला कोन एक नाही, दोन आहेत. पुढची कड फुगलेली, मागची कड बारीक झालेली. पुढे सरकायला पुढच्या कडेने नवी जागा व्यापावी लागते, तशी मागच्या कडेने जुनी सोडावी लागते. खरखरीत मेणाच्या ओरखड्यांमध्ये पाणी शिरून बसलं आहे, ते मागची कड सोडत नाही. दोन्ही कोनांतला फरक जेवढा मोठा, तेवढी चिकाटी जास्त. रॉबर्ट वेन्झेल यांनी १९३६ मध्ये सांगितलं ते हेच: पाणी खाचाखोचांत उतरलं, की खरखरीतपणा पृष्ठभागाचा मूळ स्वभाव वाढवतो. ज्याला पाणी हवं त्याला अधिक हवं, ज्याला नको त्याला अधिक नको. थेंब पळेल की नाही, याची हमी मात्र त्यात नाही.

१३ जुलै, रविवार

काजळी. या दिवसाची वाट दोघी बघत होतो.

पहिली काचपट्टी ज्योतीत धरताच तडकली. काच एका जागी तापली, बाजूला गार राहिली, टक् असा आवाज आणि दोन तुकडे. म्हणून दुसऱ्या वेळी पट्टी ज्योतीच्या पिवळ्या भागातून सारखी पुढे-मागे फिरवत राहिले. पिवळ्या भागातच का, तर तिथे कार्बन पुरता जळालेला नसतो. तो पिवळा उजेड तापलेल्या काजळीचाच असतो. खिडक्या उघड्या, पट्टी सांडशीत. पाऊण मिनिटात मखमलीसारखा काळा थर बसला.

सुईतून थेंब सोडायला गेले तर सुटेना. काजळीला टेकवला, सुई वर घेतली, थेंब सुईबरोबर वर. पुन्हा टेकवला, पुन्हा वर. सहा-सात वेळा हेच. पृष्ठभाग थेंब घ्यायलाच तयार नाही! शेवटी सेंटिमीटरभर उंचीवरून पाडला. तो उडाला. चेंडूसारखा टप्पा खाऊन पट्टीवरून पळाला आणि टेबलावर आपटून पसरला. भाचीची किंकाळी ऐकून आई आतून धावत आली.

"काय गं, भाजलं का?"

"नाही आजी, थेंब उडाला."

आईने मेणबत्तीकडे, काळ्या सांडशीकडे आणि माझ्याकडे पाहिलं, आणि काही न बोलता आत गेली.

कोन मोजायला थेंब स्थिर तर हवा. पट्टीखाली कागदाच्या घड्या सरकवून पातळी साधली तेव्हा कुठे एक थेंब फोटोपुरता थांबला. १५५ च्या वर, नक्की आकडा लिहिण्यात अर्थ नाही. मोठा थेंब घसरगुंडीवर १ सेंमीलाच पळाला: दोन अंशांहून कमी.

मग जुना चमचा घेतला, त्याची पाठ काळी केली आणि पाण्याने भरलेल्या काचेच्या पेल्यात बुडवला. काळा चमचा पाण्यात शिरताच चंदेरी झाला. पाऱ्यात बुडवून काढावा तसा. बाहेर काढला तर पुन्हा काळा कुळकुळीत, आणि कोरडा. चांदी असते ती हवेची. काजळीला चिकटून हवेचा पातळ थर पाण्यात गेला, आणि पाण्यातून त्या हवेवर साधारण ४९ अंशांहून तिरका पडणारा उजेड सगळाच्या सगळा परत फिरला. म्हणून चमचा सरळ समोरून पाहिला की पुन्हा काळा दिसतो. जरा तिरका केला की चांदी.

हवा! आठवडाभर आम्ही पाणी आणि पृष्ठभाग या दोघांचंच भांडण बघत होतो, आणि तिसरा चमच्याला धरून बसला होता. मेणबत्तीची काजळी म्हणजे ३० ते ४० नॅनोमीटरच्या कार्बनच्या कणांच्या माळा, एकमेकींत सैल गुंतलेल्या. त्यांच्या पोकळीत पाणी उतरू शकत नाही. ते टोकांवर तोललेलं राहतं, खाली हवा. पॉलिश पेपरचे माझे ओरखडे त्यामानाने दऱ्या आहेत.

काजळीवर बोट दाबून ठसा उमटवला. ठशावर थेंब चिकटला.

१६ जुलै, बुधवार

आज काही नाही. सांडशी घासली.

१९ जुलै, शनिवार

अळवाचं पान. सपाट तुकडा कापून दुतर्फी चिकटपट्टीने काचेवर बसवला. पानाची शीर मध्ये आली की थेंब तिकडे पळतो, म्हणून दोन शिरांमधला तुकडा घेतला.

फोटोत उंचीच्या निम्मा तळ: कोन १५२. इथे कबूल केलं पाहिजे, की एवढ्या मोठ्या कोनाला तळाची रुंदी मोजणं कठीण. थेंब आणि पान यांच्या फटीत सावली येते. रुंदी थोडी कमी-जास्त धरली की कोन १४७ ते १५५ कुठेही जातो. घसरगुंडीवर १ ते २ सेंमी, म्हणजे दोन ते चार अंश.

पान पाण्यात बुडवलं, तर तेही चंदेरी! चमच्यासारखंच. भाचीने ते स्वतःहून करून पाहिलं, आणि मला वाटतं सगळ्या प्रकल्पातली ही सर्वांत चांगली पायरी तिचीच.

कॅसी आणि बॅक्स्टर या दोघांनी १९४४ मध्ये हवेसकटचं गणित मांडलं होतं. थेंबाच्या तळाचा काही हिस्सा घनावर, बाकी हवेवर. पानावरच्या मेणाचा कोन आमच्या मेणबत्तीच्या मेणाइतका, १०३ धरला आणि दिसणारा कोन १५२, तर घनावर टेकलेला हिस्सा येतो सुमारे १५ टक्के. सातातला एक भाग पान, सहा भाग हवा. पानावरचं मेण वेगळं आहे, तेव्हा आकडा ढोबळ. पण थेंब पानावर बसलेलाच नसतो, पानावरच्या हवेवर असतो, हे त्यातून पक्कं कळतं.

कमळाचंही तसंच. बार्टलॉट आणि नाइनहुइस यांचा १९९७ चा लेख त्यासाठी प्रसिद्ध आहे: पानावर मायक्रोमीटरच्या मापाचे उंचवटे, त्यांच्यावर त्याहून बारीक मेणाच्या कांड्या. खरखरीतपणावर खरखरीतपणा. पान गुळगुळीत असतं तर मेण असूनही कोन १२० च्या पुढे गेला नसता. सपाट पृष्ठभागाची मजल तिथेच संपते.

खडूची पूड टाकून पाहिली. पानावरचा थेंब घरंगळताना पूड गोळा करत गेला, मागे स्वच्छ हिरवी वाट. सपाट मेणावर थेंब घसरला खरा, पण पूड इकडची तिकडे झाली, बरीचशी तिथेच राहिली.

अंगठ्याने पान चोळलं. चोळलेली जागा गडद हिरवी झाली आणि थेंब तिथे अडला. मेण गेलं, उंचवटे दबले. अंगठा मात्र संध्याकाळपर्यंत खाजत होता. अळवात कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुयांसारखे स्फटिक असतात, हे मला माहीत असूनही. पान चोळायचं तर हातमोजा घाला.

साबणाच्या पाण्याचा थेंब: पानावर पडला आणि बसला. पृष्ठताण निम्म्याहून खाली आल्यावर पाण्याला टोकांवर तोल धरता येत नाही.

२० जुलै, रविवार

गुलाबाची पाकळी. १२ तारखेचं कोडं पुन्हा, पण जास्त देखणं. ५ मायक्रोलिटरचा थेंब पाकळीवर मोत्यासारखा गोल, जवळजवळ अळवासारखाच. पाकळी उभी केली, थेंब तिथेच. उलटी केली, तरी लोंबतो आहे! ड्रॉपरचा मोठा थेंब मात्र उलटताच पडला. पाकळीवर उंचवटे मोठे आणि विरळ; पाणी त्यांच्या मध्ये उतरतं, पण उंचवट्यांवरच्या बारीक सुरकुत्यांत शिरत नाही. म्हणून वरून गोल, खालून घट्ट.

वहीत आता दोन वेगळे रकाने आहेत: 'गोल किती' आणि 'पळतो किती'. पहिल्या दिवशीच हवे होते.

२३ जुलै, बुधवार

भाचीचा प्रश्न: "पाऊस पानावर थांबत नाही, मग दव कसं थांबतं?"

सकाळी कुंडीतल्या पानावर तिने ते बारीक थेंब बघितले होते. मी आधी पान वाफेवर धरून पाहिलं. वाफ धरल्यावर थेंब चिकटले खरे, पण हा प्रयोग मी बाद केला: गरम वाफेने पानाचं मेणच बिघडलं नसेल कशावरून?

२६ जुलै, शनिवार

नव्याने. पानाचा तुकडा काचेसकट डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवला, तासाभराने बाहेर काढला. हवा दमट, दोन मिनिटांत पानावर धुकं धरलं. त्यावर ड्रॉपरचा थेंब टाकला. घसरगुंडी १० सेंमी, १५ सेंमी, २० सेंमी. थेंब जागचा हलेना. ४२ अंशांच्या चढावर अळवावरचं पाणी ठाण मांडून बसलं होतं.

दवाचे कण वरून पडत नाहीत, उंचवट्यांच्या मधल्या फटीतच जन्मतात. हवेची जागा आतूनच पाण्याने घेतली, की वरून आलेला थेंब त्या पाण्याला जाऊन मिळतो. तुकडा पंख्याखाली वाळवला. अर्ध्या तासाने पुन्हा २ सेंमी. म्हणजे मेण शाबूत होतं, हवा परत आली.

भाचीने वाक्प्रचाराच्या वहीत 'क्षणभंगुर' च्या पुढे कंसात लिहिलं: (दव सोडून). बाईंनी त्यावर लाल शाईने काय लिहिलं ते कळेलच.

२७ जुलै, रविवार

शेवटचे फोटो काढायला काजळीचा चमचा शोधला. ओट्यावर नाही, डब्यात नाही. आईला विचारलं.

"तो काळा? घासून ठेवला ना. तीनदा राख लावली तेव्हा निघाला."

चमचा लखलखीत. त्याच्या पाठीवर थेंब सोडला, पसरला. कोन मोजला नाही. आईची बोटं अजून काळी आहेत, आणि त्यांच्यावर नळाचं पाणी मोत्यांसारखं उभं राहतंय का ते भाची भिंग घेऊन बघते आहे.